रविवारी दुपारी नुसतं बसायची लाज का वाटते?

वाकडकर
गेल्या महिन्यात वाकडच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि क्लचवरचा पाय उचलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. पुढे काय करायचं तेच आठवत नव्हतं. वय 36, रक्तदाब 150/100. "झोपता किती?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर सांगण्यासाठी मोबाइलमधलं अ‍ॅप उघडावं लागलं.

ऑफिसच्या दहा तासांबद्दल तक्रार नाही. त्यानंतरचं सांगतो. गाडीत दीडपट वेगाने पॉडकास्ट, रात्री क्लाउडचं सर्टिफिकेशन, रविवारी सकाळी शेअर बाजाराचा क्लास. परवा लेक ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि मी शेजारी बसून मनात हिशेब करत होतो, ही वीस मिनिटं कुठे भरून काढू? त्या हिशेबाची फार लाज वाटली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, तरी रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. तो रविवार आपण कुणी न मागता परत देऊन टाकलाय. रिकाम्या वेळेचाही काहीतरी उपयोग झालाच पाहिजे, ही समजूत माणसाला आतून जाळते. तुम्हाला काय वाटतं?

भोसरीचा लेथवाला
नाही पटलं. माझे वडील लालबागला गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. वडिलांना पुन्हा बोलावणं आलंच नाही. तरी ते रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चाळीच्या गॅलरीत बसायचे. पाळीची वेळ झाली की उठून उभे राहायचे, मग परत बसायचे. माणूस कामाने झिजत नाही, काम गेल्याने झिजतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. आज मी तेरा तास वर्कशॉपमध्ये असतो आणि रात्री पडल्या पडल्या झोप लागते. क्लास तुम्हीच लावलेत, तुम्हीच बंद करा. कामाला कशाला बोल लावता?

ठाण्याची सिस्टर
रविवार मिळाला तो गिरणीतल्यांना. घरी रांधणारीला कुठे मिळाला? रात्रपाळी करून आल्यावर मी पंधरा मिनिटं पलंगावर टेकते. सासूबाई एक शब्द बोलत नाहीत, मीच उठते.

आणि काका, झोप लागते म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण न आवरल्याने येणारी अवस्था आहे, असं त्यात म्हटलंय. थकवा हे एकच लक्षण नाही, कामापासून मन तुटणं हेही आहे. माझ्या तोंडी पेशंटच्या नावाऐवजी खाटेचा नंबर यायला लागला तेव्हा मला ते कळलं. "बाराला सलाइन लाव." बारा नंबरच्या आजी ऐकत होत्या.

वाकडकर
ताई, हे वाचून गलबललं. काका, तुमच्या वडिलांचं काम हिसकावलं गेलं. मी म्हणतो ती विश्रांती काम हातात असलेल्याची. आणि क्लास मीच लावले हे अर्धंच खरं. आमच्या टीममधून दोनदा माणसं कमी झाली. रोज सोबत चहा घेणाऱ्याचं टेबल सोमवारी रिकामं दिसलं की कोण स्वस्थ बसेल?

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अभ्यास मांडला. आठवड्याला 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त. तुमचे सहा दिवसांचे 78 होतात. काळजीने सांगतोय. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली.

भोसरीचा लेथवाला
आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा तासाला दुप्पट पगार, हेही लिहा. माझी पोरंच ओव्हरटाइम मागतात, त्यांना गावी पैसे पाठवायचे असतात. त्यांना 'नुसतं बसा' हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

एक मात्र कबूल. शेवटच्या दोन तासांत रिजेक्शन, म्हणजे चुकून बाद होणारा माल, वाढतं, वहीत स्पष्ट दिसतं. म्हणून दिवाळीपासून नऊनंतर मशीन बंद ठेवतो.

ताईंचं खाटेच्या नंबरचं मनातून जात नाही. माझ्याकडचा एक ऑपरेटर तीन आठवडे कुणाशी धड बोललेला नाही. पोरगं कामात रमलंय असं मी समजत होतो. उद्या त्याच्यासोबत डबा खायला बसतो.