पोलंडची खडबडीत काच कशी ओळखावी?

कोथरूडकर: जुन्या बाजारात मला जाड काचेची एक फुलदाणी मिळाली असून तिच्या बाहेरच्या अंगावर गारेच्या स्फटिकांसारखे उंचवटे आहेत. विक्रेत्याच्या मते ती पोलंडची आहे. ती फुंकून घडवली की साच्यात दाबून, हे कसे ओळखावे?

सदाशिवपेठी: आतून बोट फिरवून पाहावे. दाबकामात वितळलेली काच धातूच्या साच्यात घालून वरून दट्ट्या दाबतात. त्यामुळे बाहेर कितीही नक्षी असली तरी आतली बाजू बहुधा गुळगुळीत राहते. साच्यात फुंकलेल्या काचेत बाहेरचे उंचवटे आतही हाताला जाणवतात. पोलिश काच-रचनाकार यान सिल्वेस्टर द्रोस्त यांनी १९७०च्या दशकात पोलंडमधील झोंबकोवित्से काचकारखान्यासाठी केलेली ‘अ‍ॅस्टेरॉइड’ ही दाबकाचेची मालिका अवश्य पाहावी. स्वस्त समजल्या जाणाऱ्या तंत्रातून त्यांनी शिल्प घडवले, असे मला वाटते.

कोथरूडकर: आत गुळगुळीत आहे, पण साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी सांध्याची रेघ सापडत नाही.

औंधवासी: उंचवट्यांच्या कडेने शोधावी, कारण दाट नक्षीत ती सहज लपते. दुसरे पोलिश रचनाकार झ्बिग्न्येव होर्बोवी यांची रंगीत, फुंकलेली काच हा वेगळाच प्रकार आहे. मात्र केवळ विक्रेत्याच्या शब्दावर (तो बुधवारी चेक प्रदेशातले बोहेमिया म्हणेल आणि रविवारी पोलंड) भाव ठरवू नये.