मदत हवी आहे: भाऊ जर्मनीत मनाने खचलाय. परत बोलवावं का?

ठाण्याची_थोरली

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्याचे, पाचपाखाडीत राहतो. धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा, लग्न झालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी श्टुटगार्टला गेला. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या काम-निवास परवान्यावर. पहिलं वर्ष मजेत गेलं, रोज फोटो यायचे. मग फोटो बंद झाले, मग फोन रविवारवर आला. आता आम्हीच करतो.

दिवाळीत राम मारुती रोडवरून फराळ पाठवला होता. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागच्या कपाटावर तोच खोका दिसला. टेपसुद्धा काढलेली नाही. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'चकली वर ठेव, फुटेल'. फेब्रुवारी संपत आलाय. शेजारी न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा. विचारलं तर म्हणे, "सरकारी पत्रं आहेत, बघतो नंतर." त्याच्याकडे संध्याकाळचे पाचसुद्धा वाजले नव्हते, आणि खिडकीचं शटर पार खाली.

पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मान आखडते. छातीसाठी डॉक्टरला दाखवून झालं, ईसीजी व्यवस्थित. एक मेल लिहायला दोन तास लागतात म्हणतो. मीटिंगमध्ये मंडळी बोलता बोलता जर्मनवर जातात. "सगळे हसले की मी अर्ध्या सेकंदाने हसतो, ताई." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. अगदीच जमत नाही त्या दिवशी हक्काची रजा टाकतो, आजारपणाची नाही. त्याच्या टीममधला एक जर्मन मनुष्य बर्नआउट म्हणून तीन महिने घरी बसला आणि परत रुजू झाला, कोणी चकार शब्द काढला नाही. यावर भावाचं म्हणणं, "ते इथले आहेत, त्यांना चालतं. आपण आजारी पडलो तर विमानात बसवतील."

हे खरं आहे का?

माझंही चुकलं, ते सांगते. आधी म्हटलं ऊन नाही म्हणून होत असेल, डी जीवनसत्त्व घे. मग म्हटलं, लोकांना मिळत नाही अशी संधी, थोडं सोस. त्यानंतर त्याने मला काही सांगणंच कमी केलं. बाबा एकच म्हणतात, "राजीनामा दे आणि ये, इथे काय उपाशी मरणार आहेस?" रोज तिकिटांचे दर बघतात. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

त्याला आणावं का? की तिथेच उपचार घ्यायला लावावेत? आणि बाहेर गेलेल्यांनाच हे जास्त होतं, की इथे राहिला असता तरी झालंच असतं?

---

रिकामपण_देगा_देवा

अहो, बाबांचं बरोबर आहे. आमच्या वेळी डोंबिवली फास्टला लटकून तीस वर्षं काढली, कोणाला डिप्रेशन आलं नाही. सूर्यनमस्कार आणि घरचं जेवण. या म्हणावं परत.

---

नेकारकाठी

@रिकामपण, लटकून आलेल्यांपैकी किती जण घरी आल्यावर बोलायचेच नाहीत, तेही आठवा. असो.

थोरली, मी त्याच भागात अकरा वर्षं आहे. २०१९ मध्ये स्वतः सात महिने घरी होतो, नैराश्य. तेव्हा हे ऐकीव नाही. पहिलं सांगायचं ते हे: राजीनामा देऊ देऊ नका. बाबांना तिकिटांच्या साइटवरून उठवा.

भावाची समजूत चुकीची आहे. पगारी आजारपण पासपोर्ट बघत नाही. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. त्यापुढे आरोग्य विमा, म्हणजे क्रांकेनकासे, क्रांकेनगेल्ड, म्हणजे आजारपणाचा भत्ता देते: ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत मिळून ७८ आठवडे, सुरुवातीचे सहा त्यातच धरलेले. हे त्याने दर महिन्याला भरलेल्या पैशांतूनच येतं, कोणाचे उपकार नाहीत. मात्र आधी विचारा, तो सरकारी विम्यात आहे की खासगी. खासगी असेल तर पॉलिसीत काय लिहिलंय तेवढंच मिळतं.

सुरुवात मनोविकारतज्ज्ञापासून करायची गरज नाही. घराजवळच्या साध्या डॉक्टरकडे, हाउसआर्त्स्टकडे जायचं आणि झोप, मेल, पहाटेचे तीन, जे तुम्हाला सांगितलं तेच सगळं सांगायचं. त्याने छाती दाखवली, मन दाखवलं नाही. मीही तेच केलं होतं, पाठ दाखवली होती! डॉक्टर तिथल्या तिथे रजेचं प्रमाणपत्र देतो. २०२३ पासून ते ऑनलाइन जातं, मालक विम्याकडून उतरवून घेतो. मालकाला जे दिसतं त्यात आजाराचं नाव नसतं. मी ते तीनदा विचारून घेतलं होतं.

एक फट सांभाळा. प्रमाणपत्राची मुदत संपली की पुढचं जास्तीत जास्त लगेचच्या कामाच्या दिवशी घ्यायचं. माझा एक दिवस निसटला होता, महिनाभर पत्रापत्री झाली.

मानसोपचाराला महिनोन्महिने रांग आहे, खोटं कशाला सांगू. ११६११७ या फोन नंबरवर पहिल्या भेटीची वेळ मिळवून देतात. इंग्रजी बोलणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर थांबू नका. कंपनीने 'दोघांच्या संमतीने करार संपवू' असा कागद पुढे केला तर सही करायची नाही. त्या कागदाला आउफहेबुंग्सफरट्राग म्हणतात, नाव पाठ करून ठेवा. स्वतः राजीनामा दिला किंवा त्यावर सही केली की बेकारभत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडकू शकतो. कंपनीने काढलंच तर कोर्टात जायला तीनच आठवडे असतात. आजारी माणसाला काढताच येत नाही असं नाही, पण ते सोपंही नाही.

आणि आजच्या आज एक करा. जीव नकोसा होतो का, मरावंसं वाटतं का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर ११२ हा तातडीचा नंबर, किंवा जवळच्या मनोरुग्णालयाचा तातडीचा विभाग. टेलिफोनझेलझोर्ग ही मन मोकळं करायची हेल्पलाइन ०८०० १११०१११ फुकट आणि चोवीस तास असतं, पण बोलणं बहुतेक जर्मनमध्ये.

---

आकडेमोड्या

शेवटच्या प्रश्नाबद्दल. हा वाद फार जुना आहे. १९३२ साली ओडेगार्ड या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत मिनेसोटात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. स्किझोफ्रेनियाने दाखल होण्याचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षाही जास्त आणि मायदेशी राहिलेल्यांपेक्षाही जास्त. त्याने अर्थ लावला की मुळात कच्च्या मनाची माणसंच देश सोडतात. २००५ मध्ये कँटर-ग्राए आणि सेल्टेन यांनी अनेक अभ्यास एकत्र केले. धोका स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत २.७ पट, आणि त्यांच्या मुलांत ४.५ पट. मुलांनी तर कुठलाच देश सोडला नव्हता! म्हणजे दोष जाणाऱ्याच्या मनात शोधून भागत नाही, तिथे बाहेरचा म्हणून जगण्यातही शोधावा लागतो. (घाबरू नका, हे आकडे स्किझोफ्रेनियाचे आहेत. नैराश्याचं चित्र देशागणिक बदलतं.)

उलट बाजूही आहे. बाहेर जाणारा जाताना बहुधा तिथल्यांपेक्षा धडधाकट असतो, आणि वर्षं सरतात तशी ती आघाडी झिजते. जर्मनीचंच घ्या. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार नेले ते इस्तंबूलमध्ये वैद्यकीय तपासणी करून, निवडून. जड काम, पाळ्या, भाषा नाही. पुढे कामाला असमर्थ म्हणून लवकर निवृत्तिवेतनावर जाण्याचं प्रमाण याच पिढीत मोठं. नॉर्वे-स्वीडनमध्येही परदेशात जन्मलेल्यांत असं निवृत्तिवेतन जास्त दिसतं, पण कामाचा प्रकार आणि मिळकत हिशेबात धरली की फरक बराच आटतो.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही. आजारी पडलेले काही जण मायदेशी निघून जातात आणि तिथल्या आकड्यांतून गळतात. सामन मासा शेवटी जन्माच्या नदीकडे फिरतो, त्यावरून याला 'सामन बायस' असं नाव पडलंय. बाबा जे तिकीट शोधताहेत ते हेच.

---

तुर्भेकरीण

सामन मासा वाचून थबकले. परदेशाचं मला माहीत नाही. मी रबाळे-तुर्भे पट्ट्यात कामगारांचे ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे कागद करून देते. बीडहून आलेला एक पोरगा, पत्र्याच्या खोलीत चौघं. कानात आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी उचलला आणि गावी नेला, देवऋषी वगैरे. नोकरीवरून नाव गेलं, विम्याचा हप्ता थांबला. खरं तर ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. दोन वर्षांची नोकरी झाली असेल तर सायकोसिससारख्या आजारात तो वाढवून ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्याची साडेतीन वर्षं झाली होती. कोणी सांगितलंच नाही. आणि बीडचा माणूस नव्या मुंबईत बाहेरचाच हो. शेजारच्या कंपनीत आगरी-कोळी पोरं आहेत, त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं की मामा, काका, नगरसेवक सगळे साहेबाच्या केबिनमध्ये. याच्या बाजूने बोलायला कोण होतं?

तुमच्या भावाच्या बाजूने तिथे कोण आहे, ते बघा.

---

ठाण्याची_थोरली

सगळ्यांचे आभार. रात्री विचारलं. हात गार पडले होते माझे. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मरावंसं नाही वाटत. सकाळ होऊ नये असं वाटतं." हे त्यातच मोडतं का? विमा सरकारी आहे. मालकाकडे जाणाऱ्या रजेच्या कागदावर आजाराचं नाव नसतं हे त्याला माहीत नव्हतं, दोनदा विचारलं.

बाबांचा प्रश्न: रजा घेऊन दोन-तीन महिने इथे येऊन राहिला तर?

---

नेकारकाठी

हो, त्यातच मोडतं. डॉक्टरला हेच वाक्य जसंच्या तसं सांगायचं.

सहा आठवड्यांनंतर क्रांकेनगेल्ड सुरू असताना भारतात यायचं तर आधी क्रांकेनकासेची संमती घ्यायची. न सांगता आला तर तेवढ्या काळाचे पैसे थांबतात. परवान्याचं म्हणाल तर ब्लू कार्डवाला सलग १२ महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर तो जातो, साध्या कामाच्या परवान्याला ६ महिने. म्हणजे दोन महिन्यांनी परवाना जात नाही, पण उपचार नुकते सुरू झाले असतील तर मधेच तुटतील.

तीन वर्षं झाली म्हणालात. ब्लू कार्डवर जुजबी जर्मन असलं तरी २७ महिन्यांनी कायम परवान्याचा अर्ज करता येतो, बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन असेल तर २१. त्याने केलाय का? नसेल तर ती पाकिटं आधी फोडा. व्हिडिओवर एकेक दाखवायला सांगा, मी वाचून देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

माणकोली_पूल

तुमच्यासाठी: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. नातेवाइकांनीही करायला हरकत नाही. आणि ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहेच, नौपाड्यात. माझ्या वडिलांच्या वेळी आधी मी एकटीच जाऊन बसले होते, ते नंतर आले.

---

ठाण्याची_थोरली

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले.

डॉक्टरकडे गेला. आधी दोन आठवड्यांची रजा, मग आणखी चार. गोळी सुरू आहे. पहिले दहा दिवस मळमळ होती आणि "हे बंद करतो" चाललं होतं, आता झोप पाचपर्यंत जाते. १२ पाकिटं फोडली. दोन महत्त्वाची निघाली, @नेकारकाठी यांनी दोन्ही निस्तरून दिली. कायम परवान्याचा अर्ज केलेलाच नव्हता. आईला सांगितलं. ती रडेल वाटलं होतं, तर म्हणाली, "मला माहीत होतं, तो जेवताना ताट दाखवत नाही."

मी १५ एप्रिलला महिनाभरासाठी जातेय. ऑफिसने अर्जित रजा दिली. पर्यटक व्हिसासाठी त्याचं आमंत्रणपत्र पुरेल का? की तिथल्या कार्यालयातली हमी लागते?

---

नेकारकाठी

खर्च तुम्हीच करणार असाल तर तुमचे बँकेचे कागद, पगारपत्रकं आणि त्याचं साधं पत्र लावा. हमीपत्रासाठी त्याला परदेशी नागरिक कार्यालयात खेटे घालावे लागतील, ते आत्ता नको. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा.

सामानात तूप, खवा, दुधाचं काही नको, कस्टमवाले काढून घेतात. मेतकूट चालतं.