प्रति: लाकडी पेटीत भाजीपाला

आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, त्याच घेऊ का असं वर विचारलंय, तर भावा नको. मी तोच शहाणपणा केलेला, आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात पेटी चार महिने वाळतच नाही, दुसऱ्या पावसाळ्यात तळ हातात आला, वाळवी लागली ते वेगळंच. जुन्या दारं-खिडक्यांचं सागवान मिळतंय का बघा. तळाला भोकं पाडायची, खाली विटा ठेवायच्या, हवा खेळली पाहिजे. मेथी-कोथिंबिरीला 6 इंच माती बास, वांगी-टोमॅटोला फूटभर लागतेच. आणि टेरेसवर ठेवणार असाल तर 4 बाय 2 ची फूटभर खोल पेटी ओल्या मातीनं 300 किलोच्या घरात जाते हां, म्हणून मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) घालतो. वरनं उसाचं पाचट पसरायचं, ते काय आपल्याकडं कुणीपण देतंय.