मदत हवी आहे: १९४६-४७ चा बास्केटबॉल सीझन. ४९ मॅच जिंकलेली टीम फायनललाच नाही??

बर्फातला_बंड्या:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, पण आता पुरता अडकलोय म्हणून धागा काढतोय.

टोरंटोजवळ राहतो. आमच्या मराठी मंडळात पोरांची क्विझ असते आणि यंदा बास्केटबॉलचा राउंड माझ्या गळ्यात पडला, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि बाकी सगळे विषय वाटून झाले होते. मी पक्का क्रिकेटवाला. पण म्हटलं इथलंच काहीतरी घेऊ, कारण आज ज्या अमेरिकन बास्केटबॉल लीगला एनबीए म्हणतात तिची अगदी पहिली मॅच आमच्या गावात झाली, १ नोव्हेंबर १९४६ ला, मेपल लीफ गार्डन्समध्ये. टोरंटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निकरबॉकर्स, आणि न्यूयॉर्क ६८-६६ ने जिंकलं. बिल्डिंग अजून उभी आहे, पण खाली आता सुपरमार्केट आहे. हॉकीच्या रिंगणाचा जिथे मध्य होता तिथे फरशीवर एक लाल ठिपका करून ठेवलाय, मी त्याच्यावरून कित्येकदा ट्रॉली ढकलत गेलोय आणि वाटायचं काहीतरी सांडलंय.

तर झालं असं की गेल्या रविवारी सराव फेरीत मी विचारलं, "पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक टीमने किती मॅच खेळल्या?" माझ्या कागदावर उत्तर ६०. एका दहा वर्षांच्या पोराने ६१ सांगितलं, मी चूक दिलं, तर त्याने आईच्या फोनवर गुणतक्ता काढून माझ्या नाकासमोर धरला. शिकागो स्टॅग्ज ३९ जिंकल्या, २२ हरल्या. बेरीज ६१! सेंट लुईस बॉम्बर्स ३८-२३, परत ६१. बाकी सगळ्या टीमची ६०. सगळ्या पालकांसमोर हो. त्याच्या आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

घरी येऊन तो तक्ता नीट बघितला तर गोंधळ वाढलाच. वॉशिंग्टन कॅपिटल्स ४९-११. फिलाडेल्फिया वॉरियर्स ३५-२५. चॅम्पियन कोण? फिलाडेल्फिया! ठीक आहे, नॉकआउटमध्ये असं होतं, पण वॉशिंग्टन फायनललासुद्धा नाही. हे पोरांना कसं समजावू? आणि ही एनबीए म्हणायची का, कारण कागदोपत्री नाव बीएए दिसतंय. पुढच्या शनिवारी फायनल राउंड आहे. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाकावा.

निवृत्त_पंच:

६१ चं सोपं आहे. साठ-साठ मॅच झाल्यावर शिकागो आणि सेंट लुईस पश्चिम विभागात बरोबरीत होते, ३८-२२. पहिला कोण हे ठरवायला एक जादा मॅच खेळवली, ती शिकागोने जिंकली आणि ती तक्त्यात धरली. म्हणून ३९-२२ आणि ३८-२३. पोरगं बरोबर आहे, पण पूर्ण नाही, तुमचा 'प्रत्येक टीमने' हा शब्दच घात करतोय. "साखळीत किती मॅच ठरल्या होत्या" असं विचारा, मग ६० उत्तर कोणी खोडू शकत नाही.

झब्बू:

नावाचं मी सांगतो. ६ जून १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये हॉकीच्या मोठमोठ्या हॉलचे मालक एकत्र बसले. हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहतो, भाडं येत नाही, मग काय करायचं, तर बास्केटबॉल. अध्यक्ष केलं मॉरिस पोडोलॉफला, जो आधीच अमेरिकन हॉकी लीग चालवत होता. लीगचं नाव बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे तुमची बीएए. त्याच वेळी नॅशनल बास्केटबॉल लीग म्हणून दुसरी जुनी लीग चालू होती आणि त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू जॉर्ज मायकन तो सीझन तिकडे खेळत होता, बीएएत नाही. १९४९ मध्ये दोन्ही एक झाल्या तेव्हा एनबीए हे नाव आलं. पण एनबीए आपला इतिहास १९४६ पासूनच मोजते, २०२१-२२ ला त्यांनी ७५ वा सीझन साजरा केला तो याच हिशोबाने. त्यामुळे प्रश्नात "आज एनबीए ज्याला आपला पहिला सीझन मानते" असं लिहा, भांडण खलास.

काळी_मैना:

अवांतर: हॉकीचा हॉल म्हणजे खाली बर्फ तसाच का हो?

झब्बू:

@काळी_मैना हो तर! बर्फावर फळ्या टाकायच्या आणि त्यावर खेळायचं. बाहेर जरा ऊन पडलं की फळ्यांना घाम फुटायचा, खेळाडू घसरायचे. प्रेक्षक कोट घालून बसलेले.

काळी_मैना:

आमच्या सोसायटीच्या कोर्टवर पावसाळ्यात हेच असतं, फक्त बर्फ नाही, शेवाळ.

निवृत्त_पंच:

आता वॉशिंग्टनवर येतो, मुद्दा खरा तो आहे. बंड्या, तुम्ही क्रिकेटवाले ना, मग आयपीएलवरून सांगतो. आयपीएलमध्ये पहिला आणि दुसरा एकमेकांशी खेळतात, पण जो हरतो त्याला अजून एक चान्स मिळतो, बरोबर? १९४७ मध्ये यांनी त्यातला पहिला भाग केला आणि दुसरा केलाच नाही. पूर्वेचा पहिला वॉशिंग्टन, पश्चिमेचा पहिला शिकागो, या दोघांना थेट एकमेकांसमोर उभं केलं, सातची सिरीज, आधी चार जिंकेल तो फायनलला. हरला तो घरी. म्हणजे दोन विभागांच्या दोन टॉपरपैकी एक जण फायनलच्या आधी जाणार हे वेळापत्रक छापलं तेव्हाच पक्कं होतं!

दुसऱ्या बाजूला दोन नंबरवाले आणि तीन नंबरवाले. फिलाडेल्फियाने सेंट लुईसला २-१ हरवलं, न्यूयॉर्कने क्लीव्हलँडला २-१, मग फिलाडेल्फियाने न्यूयॉर्कला २-० आणि पोचले फायनलला. या सगळ्या तीन-तीनच्या छोट्या सिरीज. तिथे वॉशिंग्टन किंवा शिकागोचं तोंडही बघावं लागलं नाही.

आणि आता तुमची ६१ वी मॅच परत आठवा. ती जिंकल्याचं शिकागोला बक्षीस काय, तर ४९-११ वाली वॉशिंग्टन! हरलेल्या सेंट लुईसला ३५-२५ वाली फिलाडेल्फिया. मला तर वाटतं त्या रात्री शिकागोच्या ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी डोक्याला हात लावला असणार.

बर्फातला_बंड्या:

बाप रे, हे आता डोक्यात शिरलं. पण मग शिकागोने वॉशिंग्टनला हरवलं कसं?? ४९-११ म्हणजे काय खायचं काम आहे का.

निवृत्त_पंच:

तेच तर. वॉशिंग्टन घरच्या मैदानावर साखळीत २९-१ होती. तीस मॅचमध्ये एक हार. मध्ये सलग १७ मॅच जिंकल्या होत्या. आणि शिकागोने सिरीजच्या पहिल्या दोन मॅच तिथेच जाऊन जिंकल्या, ८१-६५ आणि ६९-५३. सिरीज ४-२. वॉशिंग्टनचा कोच होता रेड आउअरबाख, तेव्हा जेमतेम २९ वर्षांचा. पुढे त्याने बॉस्टनला कोच म्हणून नऊ वेळा चॅम्पियन केलं आणि आज एनबीएत वर्षाच्या उत्कृष्ट कोचला मिळतो तो करंडक त्याच्याच नावाचा आहे. पण हा पहिला, सगळ्यात भारी साखळीचा सीझन मात्र त्याच्या हातून असा गेला.

शिकागो मग फायनलला फिलाडेल्फियाकडून ४-१ ने हरली. शेवटची मॅच २२ एप्रिल १९४७, ८३-८०.

पाटलाचा_धाकटा:

जो फुल्क्सचं नाव कोणीच घेतलं नाही अजून? अहो फिलाडेल्फिया म्हणजेच फुल्क्स. साखळीत १३८९ पॉइंट, मॅचला सरासरी २३.२. दोन नंबरवर वॉशिंग्टनचा बॉब फीरिक, १६.८. फायनलच्या पहिल्या मॅचला एकट्याने ३७ मारले. उडी मारून हवेतून बॉल टाकायचा, त्या वेळी बरेच जण दोन्ही पाय जमिनीवर रोवून दोन हातांनी टाकत होते, बचाव करणाऱ्याला कळायचंच नाही कधी उडी मारावी.

बर्फातला_बंड्या:

@पाटलाचा_धाकटा यावर माझी शंका होतीच, लिहायला विसरलो. फुल्क्सची अचूकता ३०.५ टक्के दाखवतायत. म्हणजे दहापैकी सात चुकले! असला माणूस अव्वल कसा? मी म्हटलं छपाईची चूक असेल.

पाटलाचा_धाकटा:

चूक नाही. त्या सीझनला सगळ्यात अचूक फीरिकच होता आणि त्याचे होते ४०.१ टक्के. आजच्या हिशोबाने बघितलं तर सगळेच नापास. लांबून टाकायचे, गार हॉल, निसरडी फळी. एक नंबर पास देणाऱ्याचे, प्रॉव्हिडन्सच्या अर्नी कॅल्व्हर्लीचे, अख्ख्या सीझनमध्ये २०२ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होतं तो पास), म्हणजे मॅचला साडेतीनसुद्धा नाहीत. पण तेव्हा असिस्ट द्यायलाही लोक कंजूष होते. रिबाउंड (हुकलेला शॉट परत पकडणं) तर मोजतच नव्हते, ते १९५०-५१ पासून. त्यामुळे क्विझमध्ये "पहिल्या सीझनचे सर्वाधिक रिबाउंड" असला प्रश्न चुकूनही टाकू नका, पोरगं परत फोन काढेल.

आणि २४ सेकंदांत शॉट टाकायलाच लावणारं घड्याळ नव्हतं हे विसरू नका, ते १९५४ ला आलं. आघाडी मिळाली की बॉल धरून बसायची मुभा.

झब्बू:

पोरांना आवडेल असा किस्सा देतो. बॉस्टन सेल्टिक्सची घरच्या मैदानावरची पहिलीच मॅच, ५ नोव्हेंबर १९४६, समोर शिकागोच. मॅचच्या आधी सराव करताना चक कॉनर्सने बॉल टाकला आणि बॅकबोर्डची काच खळ्ळकन फुटून खाली. रिंग आणि काच यांच्यामध्ये रबर बसवायचं राहिलं होतं. दुसरा बोर्ड आणेपर्यंत सगळे थांबले, आणि मग एवढं करून बॉस्टन हरलं ५७-५५. हाच कॉनर्स पुढे बेसबॉल खेळला आणि नंतर टीव्हीवरच्या काउबॉय मालिकेचा हिरो झाला. इथे एक मेख आहे, बरेच लोक सांगतात त्याने डंक मारून, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबून, काच फोडली. डंक नव्हता तो, साधा लांबून टाकलेला शॉट होता.

काळी_मैना:

टोरंटोच्या टीमचं काय झालं मग?

बर्फातला_बंड्या:

हे मला माहितेय, यावर अभ्यास झालाय माझा :) २२-३८, पूर्व विभागात बॉस्टनबरोबर तळाला, आणि एकाच सीझनमध्ये चार कोच. पहिला एड सडोव्स्की स्वतःच खेळाडू आणि स्वतःच कोच, तो १२ मॅचनंतर गेला. त्यानंतरचे दोघे मिळून चार मॅचपुरते, मग रेड रोल्फ, जो मुळात बेसबॉलवाला. सीझन संपला आणि टीम बंद. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग पण बंद. पुढच्या वर्षी ११ च्या जागी आठच टीम उरल्या आणि त्यातली एक बाल्टिमोर नवीन घेतलेली. टोरंटोला पुन्हा एनबीएची टीम मिळायला १९९५ उजाडलं.

पहिल्या मॅचची जाहिरात मात्र झकास होती. हस्कीजचा सगळ्यात उंच खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड, ६ फूट ८ इंच. त्याच्यापेक्षा उंच असाल तर तिकीट फुकट! ७,०९० लोक आले होते, त्यातले फुकटे किती ते देव जाणे.

निवृत्त_पंच:

मग शेवटचा प्रश्न माझ्याकडून घ्या: त्या ११ टीमपैकी आज किती चालू आहेत? तीन. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि वॉरियर्स, जे फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि आता गोल्डन स्टेट म्हणवतात. वॉशिंग्टन कुणी सांगितलं तर चूक द्या, कॅपिटल्स १९५१ च्या जानेवारीतच बंद पडली, आजची टीम वेगळी.

बर्फातला_बंड्या:

सगळ्यांचे मनापासून आभार, पंचकाका तुम्ही तर वाचवलंत. आयपीएलवालं उदाहरण मी जसंच्या तसं ढापणार आहे. प्रश्न बदलले, रिबाउंडचा एक होता तो काढून टाकला (होता हो, खरंच होता).

सराव फेरीतला तो ६१ वाला गुण परत द्यायचा ठरलाय. अर्धा. त्याच्या आईला फोन बायको करणार आहे, मी नाही.

काळी_मैना:

अर्धा का?? पूर्ण द्या की राव.