बोजानला आळशी म्हणू नका

इथे एकाने लिहिलंय, स्पॅनिश फुटबॉलपटू बोजान क्रकिचला मेहनत नको होती, म्हणून तो स्पेनकडून एकच मॅच खेळला. हे मला अजिबात पटत नाही.

२००७ ला त्याने स्पॅनिश लीगमध्ये बार्सिलोना क्लबकडून सर्वात कमी वयात खेळण्याचा मेस्सीचा विक्रम मोडला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. लगेच 'नवा मेस्सी' हा शिक्का बसला. २००८ च्या फेब्रुवारीत स्पेनकडून फ्रान्सविरुद्ध पदार्पण ठरलेलं, तेवढ्यात घाबरेपणाचा झटका आला. बाहेर सांगितलं, पोट बिघडलंय. त्याच वर्षीच्या युरोलाही (युरोपातल्या देशांची स्पर्धा) तो त्याच कारणाने गेला नाही आणि स्पेनने ती युरो जिंकली! सप्टेंबरमध्ये आर्मेनियाविरुद्ध बदली म्हणून उतरला, तेवढंच. खरं कारण त्याने स्वतः उघड बोलायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

हे मी जवळून बघितलंय. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेचा सामना होता. गॅलरी खचाखच, हलगी कडाडतेय, आणि आमचा सतरा वर्षांचा स्ट्रायकर भिंतीआड ओकत होता. बुटाची नाडी बांधताना बोटं थरथरत होती. आम्ही काय म्हटलं? "पित्त झालं असंल, लिंबूपाणी दे." पेठेची इज्जत त्याच्या पायावर होती ना! पुढच्या सीझनला त्याने बूट घातलेच नाहीत. आम्ही त्याला भित्रा म्हटलं, मीसुद्धा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.