संत जेरोम : शास्त्राचा व्यासंग आणि तापट स्वभाव

प्रश्न : 30 सप्टेंबरला संत जेरोम या चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती विद्वानांचा सण असतो. पवित्र शास्त्रासाठी, म्हणजे बायबलसाठी, ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याच लेखनात प्रतिपक्षाविषयी इतकी जहरी भाषा आढळते की वाचताना अवघडल्यासारखे होते. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावी?

उत्तर 1 : ती घालण्याची घाई करू नये, असे मला वाटते. रुफिनस हा त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र; ओरिजेन या आधीच्या काळातील ख्रिस्ती विचारवंताच्या शिकवणुकीवरून दोघांत वितुष्ट आले आणि रुफिनसच्या मृत्यूनंतरही जेरोम यांनी त्याला विंचू म्हणायला कमी केले नाही. याचे समर्थन होऊ शकत नाही.

उत्तर 2 : समर्थन नकोच, पण त्यांनी स्वतःलाही सोडलेले नाही. सीरियाच्या वाळवंटात उपवासाने शरीर खंगले असतानाही मन रोमच्या नर्तकींकडे धावत होते, हे त्यांनीच युस्टोकियम या आपल्या शिष्येला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. या विकारांना आवर घालण्यासाठी ते ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्याकडे हिब्रू शिकू लागले. सिसेरो या प्राचीन रोमन वक्त्याच्या डौलदार लॅटिनवर पोसलेल्या या माणसाला ते घशातले उच्चार इतके जड गेले की कितीदा तरी त्यांनी अभ्यास सोडला आणि पुन्हा धरला. पुढे बेथलेहेमच्या मठात मूळ हिब्रूवरून जुना करार लॅटिनमध्ये आणला तो याच विद्येच्या बळावर.

प्रश्नकर्ता : म्हणजे अभ्यास हीच त्यांची तपश्चर्या होती तर!

उत्तर 1 : वासनेपुरती असेल, रागावर मात्र तिची मात्रा चालली नाही.