बाबांना स्ट्रोकनंतर रिहॅबला ठेवायचं की घरी आणून फिजिओ लावायचा? उद्यापर्यंत ठरवायचंय

उंबरठा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण तीन रात्री धड झोप नाहीये त्यामुळे सांभाळून घ्या. बाबा ६८ वर्षांचे, बारा दिवसांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, मेंदूत डाव्या बाजूला गुठळी त्यामुळे उजवी बाजू गेली. पाय आता थोडा उचलतात, हात मात्र अगदी लुळा. आपलं बोलणं समजतं त्यांना पण स्वतःला शब्द सापडत नाहीत, मग चिडतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. परवा डॉक्टर राउंडला आले आणि उभ्या उभ्या सांगून गेले की जिवाचा धोका टळलाय, आता एकतर रिहॅब वॉर्डला चार ते सहा आठवडे हलवा नाहीतर घरी नेऊन फिजिओ लावा, काय ते तीन दिवसांत, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

भाऊ म्हणतो घरी, आपल्या माणसांत लवकर बरे होतील. आई म्हणते आणखी दीड महिना हॉस्पिटल म्हणजे माणूस खचणार. माझं मन रिहॅबकडे आहे म्हणून दोन जागा बघून आले. एका ठिकाणी चकचकीत मशिनं, हाताला लावायचा रोबोट, मोठमोठे स्क्रीन. दुसरीकडे जुनाट हॉल, लोखंडी दांड्या, चार पायऱ्यांचा लाकडी जिना आणि एका कोपऱ्यात साधी कॉट. नेमकं काय बघून ठरवायचं हेच कळत नाहीये. कोणी यातून गेलंय का?

जुनी_सायकल:
ताई, आधी स्वतः दोन घास खा आणि झोपा. बाकी माझा अनुभव सांगतो, आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं, आठवड्याने घरी आणली, एक फिजिओ रोज तासभर यायचा, तीन महिन्यांत आई पहिल्यासारखी. त्यामुळे मी तर घरीच म्हणेन. ओळखीचं घर, ओळखीची माणसं, याचा फरक पडतोच.

खारुताई:
मी न्यूरो रिहॅबमध्ये फिजिओ आहे, पंधरा वर्षं झाली. सायकलदादा, तुमच्या आईंचं छान झालं, पण खुब्याच्या केसमध्ये मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट पोचत असतो, दुखणं आणि ताकद एवढाच प्रश्न असतो. स्ट्रोकमध्ये हुकूम देणारी जागाच गेलेली असते. शेजारच्या शाबूत भागाला ते काम नव्याने शिकवायचं असतं आणि ते शेकडो वेळा करून घेतल्याशिवाय येत नाही. शिवाय काकांना फिजिओ एकटा पुरणार नाही, बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट लागेल, हातासाठी आणि अंघोळ-कपडे या रोजच्या कामांसाठी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागेल, आणि या सगळ्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. घरी तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या वेळी येऊन आपापलं करून जातात, तसं नको.

उंबरठाताई, मशिनं बघू नका, पेशंट काय करतायत ते बघा. सकाळी अकरा वाजता न सांगता जा. निम्मे पेशंट हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये कॉटवर पडून छताकडे बघत असतील तर हॉल कितीही भारी असू दे, सोडून द्या. पेशंट स्वतःच्या कपड्यांत, पायात बूट घालून, घाम गाळत, वैतागत काहीतरी करत असतील तर जागा बरी. आणि रोबोटचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ७७० स्ट्रोक पेशंटांवर रॅटल्स नावाची ट्रायल झाली, २०१९ ला छापून आली, रोबोटने हाताचा व्यायाम घेतलेल्यांचा हात नेहमीची ट्रीटमेंट घेतलेल्यांपेक्षा जास्त सुधारला नाही. रोबोट वाईट नाही हो, पण त्याच्यावर जागा निवडू नका.

उंबरठा:
खूप खूप आभार ताई. त्या जुन्या हॉलात कोपऱ्यात कॉट कशाला होती मग?

खारुताई:
कॉटवरून उठून खुर्चीत बसण्याची प्रॅक्टिस करायला, घरी तेच तर करायचंय रोज दहा वेळा! मला ती जागा न बघताच आवडायला लागलीये 😄

तिथे जाऊन विचारा की दिवसाला प्रत्यक्ष थेरपी किती तास. ब्रिटनची २०२३ ची स्ट्रोकची गाइडलाइन म्हणते की ज्यांना झेपतं त्यांना सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातले किमान ५ दिवस. अमेरिकेतही रिहॅब हॉस्पिटलला साधारण हाच हिशोब लावतात. सुरुवातीला काकांना सलग झेपणार नाही, तुकडे करून देतात का तेही विचारा. दुसरं म्हणजे मोजतात कशाने. एफआयएम नावाचं एक मोजमाप आहे, त्यात १८ गोष्टी असतात, खाणं, कपडे, टॉयलेट, जिना, समजणं, बोलणं वगैरे, प्रत्येकीला १ ते ७ मार्क, ७ म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय आणि १ म्हणजे जवळपास सगळं दुसऱ्याने केलं. एकूण १८ ते १२६. काही ठिकाणी १०० मार्कांचा बार्थेल वापरतात, तोही चालेल. "आम्ही बघून सांगतो हो, चांगली प्रोग्रेस आहे" असं उत्तर आलं तर समजून जा.

मिटलेली_छत्री:
मी इथे शक्यतो लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मी स्वतः पेशंट होतो, जीबीएस, म्हणजे गियाँ बारे, नसांचा आजार, चार दिवसांत पायापासून मानेपर्यंत सगळं गेलं, तीन आठवडे व्हेंटिलेटर. आजार वेगळा आहे मला कल्पना आहे, पण रिहॅबचा वॉर्ड तोच. पहिल्या आठवड्यात मला तिथल्या नर्सचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही, कारण ती बाई मला शर्टाची बटणं लावून द्यायचीच नाही. समोर बसून राहायची. पहिल्या दिवशी एका शर्टाला चाळीस मिनिटं लागली आणि तरी वरचं एक बटण चुकलंच. आईला बघवेना, ती पुढे झाली की नर्स म्हणायची काकू तुम्ही जरा बाहेर बसा. नंतर कळलं की तीच माझी थेरपी होती, हॉलमधला एक तास सोडला तर उरलेला दिवस काय करता यावर खेळ असतो.

म्हणून तुमचा भाऊ म्हणतोय ना "आपल्या माणसांत", त्याबद्दल एकच सांगतो, आपली माणसं प्रेमापोटी सगळं हातात देतात. मी घरी आल्यावर माझ्या बहिणीने पहिल्याच दिवशी मला मोजे घालून दिले आणि मीही गप्प घालून घेतले. सहा आठवड्यांची मेहनत तिथेच घसरायला लागली होती.

आणि थकवा. तो आळस नसतो. भिंतीकडे तोंड करून झोपतात म्हणालात, त्यात चीड आहे, दुःख आहे आणि खरोखरची दमणूक पण आहे.

खारुताई:
छत्रीदादा 🙏 नर्सचं अगदी खरं. आणि भिंतीकडे तोंड करण्यावरून, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, त्यावर औषधं आणि समुपदेशन असतं, "होईल हळूहळू" म्हणून सोडू नका, टीमला नक्की सांगा. जो माणूस मनाने उठत नाही त्याच्याकडून शेकडो वेळा कोण करून घेणार.

निम्मा_पगार:
थोडा उलटा मुद्दा मांडतो, राग मानू नका. सगळ्यांनाच सहा आठवडे ॲडमिट लागत नाही. माझ्या सासऱ्यांचा झटका सौम्य होता, ते आधार धरून कॉटवरून खुर्चीत येत होते, त्यांना हॉस्पिटलच्याच टीमने लवकर घरी सोडलं आणि तीच टीम, फिजिओ, ओटी, स्पीच, घरी येत राहिली, दर आठवड्याला मीटिंग. उत्तम झालं. नुसता "फिजिओ लावा" आणि हे, यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तेव्हा ताई, तुमच्याकडे अशी घरी येणारी पूर्ण टीम आहे का ते विचारा. नसेल तर भावाचा पर्याय म्हणजे खरं तर पर्यायच नाही.

खारुताई:
राग कसला, बरोबर आहे. सौम्य ते मध्यम स्ट्रोकमध्ये ही पद्धत चांगली चालते हे ट्रायलमध्ये सिद्ध झालंय. पण काकांचा हात लुळा, बोलणं गेलेलं, कॉटवरून उठायला दोन माणसं लागत असतील तर आधी वॉर्ड आणि मग ही पद्धत.

आगाऊ_पाहुणा:
उशीर कशाला म्हणतो मी, जितक्या लवकर जितका जास्त व्यायाम तितकं चांगलं. आमच्याकडे तर दुसऱ्या दिवसापासून दोन दोन तास चालवा म्हणत होतो आम्ही, हॉस्पिटलवाले ऐकेनात.

खारुताई:
हॉस्पिटलवाले बरोबर होते बरं का. २०१५ मध्ये ॲव्हर्ट ट्रायल आली, पाच देशांतल्या ५६ स्ट्रोक युनिटमधले २,१०४ पेशंट, त्यात पहिल्या २४ तासांत जास्त आणि जोरात उठवलेल्यांचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट लागला. उठवायचं लवकरच, पण सुरुवातीला थोडा थोडा वेळ आणि जास्त वेळा. आता बारा दिवस झालेत त्यामुळे काकांचा तो टप्पा संपलाय, आता नुसतं झोपून राहणं महागात पडेल. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस कॉटवर ठेवलं तर पायांचा जवळपास किलोभर मांसल भाग जातो, हेही मोजलेलं आहे, आणि ती माणसं आजारी पण नव्हती.

ताई, जोपर्यंत ठरत नाही तोपर्यंत आजपासूनच एवढं करा. उजवा हात धरून किंवा बगलेत हात घालून त्यांना कधीच ओढू नका, लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि मग त्या दुखण्यापायी पुढचा व्यायामच होत नाही. बसले असताना हाताखाली उशी. सगळ्यांनी उजव्या बाजूने जाऊन बोला, म्हणजे त्या बाजूला लक्ष जाईल. पाणी पिताना ठसका लागतो का बघा, लागत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. आणि "हे काय आहे सांगा बरं" अशी परीक्षा घेणं बंद. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, मग थांबा, मनात दहा आकडे मोजा, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

उंबरठा:
हे शेवटचं वाचून रडूच आलं, आम्ही तिघंही दिवसभर तेच करत होतो, फोटो दाखवून हा कोण ते कोण. घरी येणारी टीम आमच्याकडे नाहीये, विचारलं. पण डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, ते खरं का? फार धडकी भरली.

मिटलेली_छत्री:
मला पण एकाने दोन वर्षांची मुदत दिली होती. तिसऱ्या वर्षी उजव्या पायाचा अंगठा वर उचलला गेला. जास्त काही बोलत नाही.

खारुताई:
सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो म्हणून आत्ताचे आठवडे वाया घालवू नका, एवढाच त्याचा अर्थ. नंतर वेग मंदावतो, दार बंद होत नाही. काही पेशंटांचा चांगला हात रोज काही तास जाड हातमोज्यात अडकवून कमजोर हाताकडूनच काम करून घेतात, त्याची मोठी ट्रायल झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्यांवर झाली होती आणि फरक दिसला. मात्र त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यावी लागतात, काकांच्या हाताचं आत्ताच सांगता येणार नाही. खोटी आशा मी देत नाही, पाय हातापेक्षा लवकर येतो बहुतेकांचा, आणि काहींचा हात मदतीपुरताच राहतो.

उंबरठा:
अपडेट. सकाळी अकराला दोन्हीकडे न सांगता गेले. मशिनवाल्या ठिकाणी रोबोटवर कव्हर घातलेलं होतं आणि रिसेप्शनवाल्याने मला आत सोडायला वीस मिनिटं घालवली. जुन्या हॉलात एक आजी लाकडी जिन्यावर तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून थेरपिस्टशी भांडत होत्या की आज चौथी नको. थेरपिस्ट हसत होती पण जागची हलली नाही. तिथल्या ओटीने विचारलं घरी टॉयलेटचं दार किती रुंद आहे, मला सांगता आलं नाही, तर म्हणाली मोजून आणा. शनिवारी घरच्यांनाच कॉटवरून उठवायला शिकवतात, भावाचं नाव घातलंय. उद्या हलवतोय. आई अजून नाराज आहे. बाबांना विचारलं, हो की नाही, आणि थांबले. बऱ्याच वेळाने डावा हात हलवून हो म्हणाले.

एक राहिलं, बूट कसले न्यायचे?

खारुताई:
मागून बंद, खालून न घसरणारे आणि वेल्क्रोचे, एका हाताने लावता येतील असे. उजवा अर्धा नंबर मोठा बघा, पुढे पावलाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी लागली तर आत बसायला हवी. आणि दार मोजताना चौकट नको, आतली मोकळी जागा मोजा.